पाळीतली पोटदुखी: रोजच्या कोणत्या सवयींनी तुम्हाला आराम पडला?

प्राजक्त
अकरावीसाठी माझी भाची आमच्याकडे राहायला आली आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी ती उशी पोटाशी धरून, अंग मुडपून पडलेली पाहिली आणि कऱ्हाडच्या घरातली माझी आजी आठवली. आजी खडे मीठ तव्यावर गरम करून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायची आणि ती पुरचुंडी ओटीपोटावर धरायला द्यायची. आजी स्वतः बाजूला बसण्याच्या काळातली होती; तरीही नातीच्या दुखण्याला तिने कधी नाटक म्हटले नाही, याचे मोल मला आज अधिक जाणवते.

पुढे एका डॉक्टरांनी कळांचे कारण समजावून सांगितले. पाळीच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वाढतात, त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात, तेवढा वेळ त्या स्नायूंना रक्त कमी मिळते आणि कळ येते. याच द्रव्यांमुळे काहींना त्या दिवसांत मळमळ आणि जुलाबही होतात. तेव्हापासून मी दुखू लागण्याची वाट पाहत नाही. एरवी रोज सायंकाळी भरभर चालते, पाळीच्या आधीच्या आठवड्यात जागरण टाळते आणि पहिल्या दिवशी न्याहारी चुकवत नाही. कळा पूर्ण थांबल्या नाहीत, पण अंथरूण धरावे लागत नाही. भाचीला सांगण्यासाठी तुमचे अनुभव हवे आहेत.

खारीबिस्कीट
मी परिचारिका आहे आणि माझी रात्रपाळी असते, म्हणून शेक हाच माझा आधार आहे. शेकाला घरगुती म्हणून कमी लेखू नये. सुमारे ३९ अंश सेल्सिअसची ऊब बराच वेळ देणाऱ्या पट्ट्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांचा आराम आयबुप्रोफेनच्या तोडीचा आढळला होता. मात्र गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळूनच ठेवावी आणि ती पोटावर ठेवून झोपी जाऊ नये. वारंवार कडक शेक घेतल्याने पोटाच्या त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग पडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. ऊब हवीहवीशी वाटली पाहिजे, चटका बसता कामा नये.

सुपारी_फुटली
प्राजक्त, तुमच्या आजींविषयी वाचून भरून आले. आमच्याकडे ‘सगळ्यांनाच होते, सहन कर’ एवढेच उत्तर मिळायचे.

नदीकाठ
मी लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. आमच्या मुली शाळेत स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यामुळे पाळीच्या आधी बद्धकोष्ठ होते, पोट फुगते आणि आधीच दुखणाऱ्या पोटावर आणखी ताण येतो. मी वर्गात दोनच गोष्टी आग्रहाने सांगते: पाणी तोडू नका आणि ताटात भाकरी, पालेभाजी, मोड आलेली उसळ असू द्या. आम्ही स्वच्छतागृहाची कडी बसवून घेतली आणि तिथे पाण्याची सोय केली, तेव्हापासून मधल्या सुट्टीत पोट दुखते म्हणून घरी जाणाऱ्या मुली कमी झाल्या. स्वच्छतागृहाला धड दार नसेल, तर सवयी सुधारण्याचा सल्ला कितीही चांगला असला तरी मुलींच्या उपयोगाचा नाही, असे माझे ठाम मत आहे.

हळदीकुंकू_नको
हळिवाचे लाडू कोणीच कसे सुचवले नाहीत? आमच्याकडे हळीव नारळाच्या पाण्यात भिजवून, ओले खोबरे आणि गूळ घालून शिजवतात आणि थंडीभर रोज एक लाडू खातात.

खारीबिस्कीट
लाडू अवश्य खावेत, कारण हळिवात लोह भरपूर असते आणि ज्यांना अंगावरून जास्त जाते त्यांना लोहाची गरज असते. परंतु थकवा आणि कळ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. माझे हिमोग्लोबिन वाढल्यावर चक्कर थांबली, कळा मात्र तशाच राहिल्या. आल्याचा फायदा काही अभ्यासांत दिसला आहे, म्हणून पहिल्या दोन दिवसांत आल्याचा काढा घेऊन पाहायला हरकत नाही.

शवासन
पुण्यात माझ्या योगवर्गात पाळीच्या दिवसांत शीर्षासन, सर्वांगासन यांसारखी उलटी आसने आणि पोटावर दाब आणणारी आसने करू देत नाहीत. त्याऐवजी सुप्त बद्धकोणासन करवून घेतात. पाठीखाली लांब लोड, डोक्याखाली घडी केलेले कांबळे आणि दोन्ही मांड्यांखाली उशा घ्यायच्या, तळपाय एकमेकांना जोडायचे आणि पोट सैल सोडून पडायचे. एरवी कळ आली की आपण पोट आवळून घेतो आणि श्वास अडकवतो, ते या आसनात आपोआप सुटते. महिनाभराचा व्यायाम हा वेगळा विषय आहे. आठवड्यातून किमान तीन वेळा, प्रत्येक वेळी ४५ ते ६० मिनिटे व्यायाम केल्यास वेदना कमी होऊ शकतात, असे २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून केलेल्या आढाव्यात, म्हटले आहे. माझ्या बाबतीत हा फरक काही महिन्यांनी दिसू लागला, त्यामुळे भाचीने पहिल्याच पाळीत निराश होऊ नये.

गोदाकाठचा_बाबा
मी तेरा वर्षांच्या मुलीचा बाप आहे. तिची आई नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात असते, म्हणून इथे विचारतो. मुलगी माझ्याशी मोकळेपणाने बोलते, पण दुखू लागल्यावर मी नेमके काय करावे, हे मला कळत नाही. गरम पाण्याची पिशवी कशी भरावी, हेही कृपया सांगावे.

ओवी
मी बीड जिल्ह्यात आशा कार्यकर्ती आहे. आमच्या बायका नवऱ्यासोबत कोयता म्हणून, म्हणजे नवरा-बायकोची जोडी म्हणून, ऊसतोडीला जातात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात आणि एक खाडा झाला तरी दंड भरावा लागतो, त्यामुळे पाळीच्या पहिल्या दिवशीही मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढावे लागते. या दुखण्यातून कायमचे सुटण्यासाठी कितीतरी जणींनी ऐन तिशीत गर्भपिशवी काढून टाकली. याच शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली होती. मी बायकांना सांगते की वीट चुलीजवळ तापवावी, जाड फडक्यात गुंडाळून रात्री कमरेला आणि पोटाला शेक घ्यावा, कोरा चहा पिऊन फडात न जाता भाकरी खाऊन जावे आणि त्या दोन दिवसांत मोळ्या नवऱ्याने उचलाव्यात, तिने तोडणी करावी. हे ऐकणारे नवरे आहेत आणि त्यांच्या बायकांना खरोखर आराम पडतो. पण पोट दुखते एवढ्यावरून कोणी गर्भपिशवी काढायला सांगितले, तर आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

सुपारी_फुटली
ओवीताई, मोळ्या नवऱ्याने उचलाव्यात, हे त्यांच्यासमोर बोलायला किती धीर लागत असेल! तुम्हाला मनापासून नमस्कार.

काचेचा_कंदील
वरच्या सर्व सवयी मला होत्या. चालणे, योगासने, वेळेवर जेवण, शेक, काहीही राहिले नव्हते. तरीही तिशीनंतर दुखणे वाढतच गेले. पाळी सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून दुखायचे, पाळी संपल्यावरही राहायचे आणि त्या दिवसांत शौचाला बसताना कळ यायची. ‘लग्नानंतर थांबेल’, मग ‘बाळंतपणानंतर थांबेल’ असे सांगणाऱ्यांची कमतरता नव्हती. शेवटी दुर्बिणीतून तपासणी केल्यावर एंडोमेट्रिओसिसचे निदान झाले, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढत होत्या. सोनोग्राफीत काही आढळले नव्हते, म्हणून इतकी वर्षे मला सर्व ठीक असल्याचे सांगितले जात होते. प्राजक्त, भाचीला सवयी जरूर लावा, पण तिचे दुखणे दर महिन्याला वाढत असेल, नेहमीच्या गोळीने थांबत नसेल किंवा कॉलेज बुडवावे लागत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका.

औषधवाला
माझे औषधांचे दुकान आहे. मुली उपाशीपोटी गोळी घेतात किंवा दुखणे असह्य होईपर्यंत थांबतात. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यालाच आळा घालतात, म्हणून ती दुखू लागताच आणि खाल्ल्यानंतर घेतली तर अधिक उपयोगी पडतात. दमा, पोटातील व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित गंभीर ॲलर्जी होते, अशी सूचना भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली होती. गोळीनंतर अंगावर पुरळ, ताप किंवा गाठींना सूज आली, तर गोळी बंद करून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

प्राजक्त
काचेचा कंदील, तुमचे लिहिणे मी भाचीला वाचून दाखवले. तिने पाळीच्या तारखा आणि दुखण्याचे दिवस वहीत लिहायला सुरुवात केली आहे, म्हणजे डॉक्टरांकडे जावे लागले तर नेमके सांगता येईल.

बाबा, पिशवीत उकळते पाणी ओतू नका; हात लावून पाहता येईल इतके कोमट-गरम पाणी पुरे. पिशवी दोन-तृतीयांश भरावी, सपाट धरून आतली हवा काढावी, मग बूच घट्ट लावून ती उलटी करून गळत नाही ना ते पाहावे. मुलीला आधी वरण-भात किंवा उपमा असे काहीतरी खायला द्या, शाळेच्या दप्तरात जादा पॅड ठेवा आणि तिला पडून राहावेसे वाटते की चालावेसे वाटते, ते तिलाच ठरवू द्या.