पाळीत शौचालाही कळ येते, सोनोग्राफी मात्र नॉर्मल. कोणाला दाखवू? (फी ८०० पर्यंत)

घणसोलीची_पोर: वय २६, लग्न झालेलं नाही. पाळीच्या आधीपासूनच ओटीपोट आणि कंबर धरते, पाळीत शौचाला बसलं की आत सुरी फिरवल्यासारखी कळ. गोळीने भागत नाही, ऑफिसला दांड्या. पोटावरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) असेल का? नवी मुंबईत ऐरोली ते वाशी पट्ट्यातली डॉक्टर सुचवा.

कावेसर_काकू: पाळीत दुखतंच गं. आम्ही शेक घ्यायचो नि कामाला लागायचो. पहिलं मूल झालं की थांबतं, माझं थांबलं.

मिसळप्रेमी_ठाणे: बायकोचं सेम. घोडबंदरला मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं, फी १८००, पण तब्येतीपुढे पैसा बघू नये. थेट लॅप्रोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून तपासणी) कर, त्याशिवाय कळतच नाही.

नेरुळकर_ताई: काकू, मूल होणं हा उपचार नाही. माझं बाळंतपणानंतर पुन्हा सुरू झालं. आणि मिसळप्रेमी, लॅप्रोस्कोपीचं ते जुनं झालं. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लक्षणांवरून औषध सुरू करून बघता येतं. पोरी, सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे आजार नाहीच असं नसतं. चॉकलेट सिस्ट (अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ) दिसते, वरवरचे डाग बहुधा दिसत नाहीत. पाळीत शौचाला, लघवीला दुखतं हे मुद्दाम सांग. कधी, कुठे, किती दुखलं ते लिहून ने.

कोपरखैरणे_लोकल: घोडबंदर? संध्याकाळी कापूरबावडीला अडकलीस तर पुढची पाळी तिथेच येईल.

मिसळप्रेमी_ठाणे: सकाळची अपॉइंटमेंट घ्यायची असते.

कोपरखैरणे_लोकल: सकाळी काय रस्ता मोकळा असतो?

सानपाडा_७: मी सीए-१२५ ही रक्ततपासणी केली, वाढलेली आली, कॅन्सर समजून घर डोक्यावर घेतलं. या आजारात ती वाढू शकते, पण निदान त्यावरून होत नाही. पैसे वाचव. आणि हो, लिहून ने.

कावेसर_काकू: ओव्याचं पाणी तरी घेऊन बघ.

घणसोलीची_पोर: सगळ्यांचे आभार. आधीच्याच डॉक्टरांकडे जातेय, फी ५००. मागच्या वेळी आई शेजारी बसली होती, शौचाचं काही बोलताच आलं नाही. या वेळी एकटी जाईन.

मिसळप्रेमी_ठाणे: मग धागा कशाला काढला?