मदत हवी आहे : हेडफोनमध्ये डाव्या कानाचा आवाज मधूनच जातो

नमस्कार. तारकर्लीच्या पुढे देवबागला आमचं घर आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. गेटची कडीसुद्धा इथे दोन-तीन पावसाळ्यांत गंजून गळते. त्यामुळे माझा पहिला संशय खाऱ्या हवेवरच आहे, पण नुसत्या संशयावर हेडफोनचा अ‍ॅम्प (आवाज वाढवणारं यंत्र) उघडायचा धीर होत नाही.

बाबा डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, पखवाज वाजवायचे. त्यांच्या बाऱ्यांच्या ३४ कॅसेट घरात आहेत. त्या एकेक करून संगणकावर उतरवते आणि रात्री हेडफोनवर ऐकून तपासते. रेकॉर्डिंग दोन माइकवर केलेलं आहे, डावा माइक पखवाजापाशी. आणि नेमका डावा कानच जातो. बुवांचा आवाज, पेटी, झांज सगळं चालू असतं आणि बाबांचा पखवाज तेवढा वाडीच्या पलीकडून यावा तसा लांब जातो. कधी दोन-चार सेकंदांत परत येतो, कधी पाच मिनिटं येतच नाही.

जोडणी अशी : लॅपटॉप, त्यातून यूएसबीने डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाजाचा सिग्नल करणारी डबी), डॅकमधून लाल-पांढऱ्या आरसीए वायरने हेडफोन अ‍ॅम्प, त्याला ६.३५ मिमीचा जाड जॅक. हेडफोनची पिन ३.५ मिमीची, म्हणून मध्ये अडॅप्टर. अ‍ॅम्प सहा वर्षांचा आहे, वीज बाहेरच्या छोट्या अडॅप्टरवरून घेतो.

आतापर्यंत तपासलेलं सांगते. कॅसेटचाच दोष असेल असं आधी वाटलं, जुन्या टेपचा थर झडला की आवाज असाच तुटतो. पण ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून पाहिली तर त्या जागी डावी लहर सलग आहे, आणि तोच तुकडा पुन्हा लावला की नीट वाजतो. हेडफोन मोबाइलला लावून दोन रात्री ऐकला, वायर मुद्दाम पिळून पाहिली, काही झालं नाही. पिनेचा अडॅप्टर बदलला. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये यूएसबीची वीजबचत बंद केली. फरक शून्य.

एक गोष्ट विचित्र वाटते. आवाज हळू असताना हे जास्त होतं. नॉब झटकन वाढवला की बारीक कर्र होऊन डावा परत येतो. पावसात चार दिवस अ‍ॅम्प बंद राहिला की त्रास फार वाढतो. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला होता, त्यांनी अर्धा तास मोठ्याने वाजवला आणि चांगला चाललाय म्हणून परत दिला. नॉब, जॅक की आणखी काही, आधी काय पाहू?

प्रतिसाद : ताई, यूएसबी सोडून द्या. तिथे खंड पडला तर दोन्ही कान एकदम जातात. आरसीएच्या दोन्ही पिना फक्त डॅकच्या टोकाला अदलाबदल करा, अ‍ॅम्पच्या टोकाला हात लावू नका. मग आवाज उजव्या कानातला जाऊ लागला तर दोष डॅकमध्ये. डावाच जात राहिला तर वायरमध्ये किंवा अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे पुढे वायर बदलून बघायची.

प्रतिसाद : वरच्याशी सहमत. तुमच्या वर्णनावरून मात्र मला रिले (अ‍ॅम्पमधला आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) वाटतो. अ‍ॅम्प चालू केल्यावर चार-पाच सेकंदांनी आतून टक् असा आवाज येतो का? हेडफोनला झटका बसू नये म्हणून तो रिले उशिरा जोडतो. त्याच्या कॉन्टॅक्टवर, म्हणजे एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या टोकांवर, काळा थर बसला की हळू आवाजाचा सिग्नल त्यातून जात नाही, मोठा आवाज थर भेदून जातो. दुरुस्तीवाल्यांना दोष दिसला नाही तो मोठ्याने वाजवल्यामुळेच. पुढच्या वेळी डावा गेला की नॉबला, पिनेला अजिबात हात लावू नका. हेडफोन कानावरून काढा, अ‍ॅम्प बंद करा, पुन्हा चालू करा, टक् झाल्यावर ऐका. डावा परत आला तर संशय रिलेवरच.

धागाकर्ती : दोघांचेही मनापासून आभार. पिना बदलल्या, वायरही दुसरी लावली, डावाच जातो. म्हणजे अ‍ॅम्प. टक् असा आवाज येतो. बंद-चालू पाच वेळा करून पाहिलं, चार वेळा डावा लगेच परत आला. रिलेवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारू का? शेजारचे काका गंज सोडवायचा स्प्रे मार म्हणतात.

प्रतिसाद : तो स्प्रे नको, मागे तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ चिकटते. रिले बंद डबीत असतो, बाहेरून काही मारून आत पोचत नाही. पॉलिश पेपरही लावू नका, मुलामा निघून जातो. सरळ बदला. टोपणावरचा नंबर, कॉइलचे व्होल्ट आणि पायांची रचना जुळली पाहिजे. आणि घेताना छोट्या सिग्नलचा, सोन्याचा मुलामा असलेल्या कॉन्टॅक्टचा घ्या. पंप-मोटारीला वापरतात तसला चांदीच्या कॉन्टॅक्टचा रिले एवढ्या बारीक सिग्नलला कुचकामी. तुमचा अ‍ॅम्प बाहेरच्या अडॅप्टरवर आहे म्हणून हे सांगतोय. थेट २३० व्होल्ट आत जाणारा असता तर उघडूच नका म्हटलं असतं. तरी अडॅप्टर काढून थोडा वेळ जाऊ द्या, मगच स्क्रू फिरवा.

धागाकर्ती : रिले १२ व्होल्टचा, आठ पायांचा निघाला. तसाच मागवला आणि त्याच दुरुस्तीवाल्यांना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि वीस मिनिटांत बसवून दिला. काल रात्री एक पूर्ण बाजू, ४५ मिनिटं, नेहमीच्या हळू आवाजात ऐकली. पखवाज एकदाही लांब गेला नाही. गजराची लय चढत जाते तिथे बाबांची डाव्या हाताची थाप इतकी भरीव आहे, हे मला या सगळ्या दिवसांत कळलंच नव्हतं.

अ‍ॅम्प आता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते. पुड्या दर आठवड्याला तव्यावर मंद आचेवर सुकवायच्या की बदलायच्याच, हे कोणी सांगाल का? जुन्या रिलेचं टोपण कापून पाहिलं. डावीकडचा कॉन्टॅक्ट काजळीसारखा काळा होता, आणि उजवाही कडेने काळवंडायला लागला होता.