मोडी कागद फेसबुकवर टाकून लोकांकडून वाचून घ्यावेत का?

बोरू_आणि_शाई
दप्तरखान्यांनी मोडी या जुन्या मराठी लिपीतला एक कागद रोज फेसबुकवर टाकावा आणि वाचकांनी खाली लिप्यंतर करावे, अशी सूचना वारंवार येते. माझा विरोध लोकांनी वाचण्याला नाही, जागेला आहे. 400 डीपीआयने स्कॅन केलेले ए-4 पान कॉम्प्रेस न करता सुमारे 46 एमबीचे होते. फेसबुक ते 2048 पिक्सेलपर्यंत आणते, वर दाबतेही. मग शाईचा ठिपका कोणता आणि अनुस्वार कोणता, हे कळायचे कसे? कॉमेंटमधले वाचन कोणत्या ओळीचे, तेही कळत नाही आणि वर्षभराने सापडत नाही.

पान संस्थेच्या स्वतःच्या साइटवर ठेवावे, आयआयआयएफ या चित्रे दाखवण्याच्या खुल्या पद्धतीने. म्हणजे झूम केलेला भागच तेवढा पूर्ण तपशिलात उतरतो. शेजारी ओळवार चौकट द्यावी. फेसबुकवर फक्त एक तुकडा आणि दुवा. रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा), त्यातले पुडके आणि कागद यांचे क्रमांक फाइलच्या नावात तर हवेतच, पण स्कॅन करताना पानाच्या कडेला पट्टीवर लिहूनही ठेवावेत. व्हॉट्सॲपवरून चित्र फिरले की फाइलचे नाव हरवते, पट्टी टिकते.

यादी_आधी
साइट कोणतीही घ्या, मूळ अडचण तशीच राहते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2008 पासून जुन्या वृत्तपत्रांची ओसीआर, म्हणजे संगणकाने चित्रावरून वाचलेला मजकूर, लोकांकडून दुरुस्त करून घेतली, हा दाखला नेहमी दिला जातो. तो छापील इंग्रजी मजकूर होता. मोडीत शिरोरेषा आधी ओढलेली, शब्द न तोडलेले, ऱ्हस्व-दीर्घ एकच, त्यात संक्षेप. दोन नवशिके एकाच ठिकाणी सारखेच चुकतात, तिथे बहुमताला अर्थ नाही.

तारखांचे तर विचारूच नका. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर या जुन्या मराठी कागदांतल्या कालगणनेचे 1161. पानिपतची लढाई याच सनातली, 14 जानेवारी 1761; 600 मिळवले की जुळते. पण हे वर्ष सूर्य मृगात गेल्यावर बदलते. त्याच सनातले ऑक्टोबरचे पत्र 1760 चे, तिथे 599 मिळवायचे. सरसकट 600 मिळवले की ते पत्र लढाईनंतरचे ठरते! आधी संस्थेने रुमालवार यादी करावी, मग दार उघडावे.

जुने_फोटो
यादीची वाट पाहत बसलो तर कागद बांधलेलेच राहतील. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी 2008 मध्ये सुमारे 3000 फोटो फ्लिकरवर ठेवले. लोकांनी माणसे, ठिकाणे ओळखली, कर्मचाऱ्यांनी ती पडताळली आणि मगच सूचीत घेतली. फोटोंना हेच लागू करा. कोल्हापुरातली जुनी इमारत तिथलाच माणूस ओळखेल आणि तो फेसबुकवरच भेटेल. मोडी जाणणारेही व्हॉट्सॲप गटांत आहेत. नवे खाते काढा म्हटले की त्यातले बरेच जण परत फिरतील. मोबाइल नंबरवर प्रवेश द्या.

बोरू_आणि_शाई
फोटोंबद्दल मान्य. तारखांबद्दलही मान्य, पण त्यावर उपाय आहे: मूळ तारीख जशी दिसते तशी एका रकान्यात, इसवी सन दुसऱ्यात, आणि दुसरा रकाना फक्त संस्थेने भरायचा. बाकीच्यासाठी विकिस्रोत या लोकांनी मजकूर उतरवून तपासायच्या साइटची रीत घ्यावी. पहिल्या वाचकाने तपासल्यावर पानाची खूण पिवळी; दुसऱ्यांदा तपासून ती हिरवी करणारा वाचक वेगळाच हवा. लिप्यंतर देवनागरीत घ्यावे. मोडी 2014 पासून युनिकोडमध्ये आहे, तरी अनेक फोनांवर अजून चौकोनच दिसतात. संक्षेप फोडला तर चौकटी कंसात, न लागलेले अक्षर टिंबांनी. अंदाजाने भरलेले अक्षर रिकाम्या जागेपेक्षा वाईट, कारण पुढचा वाचक तिथे थांबत नाही.

यादी_आधी
हिरव्यानंतरही जाणकाराची नजर लागतेच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने बेंथमची हस्तलिखिते 2010 पासून लोकांकडून उतरवून घेतली, तिथे प्रत्येक पान संपादक तपासून बंद करतो. एका पानाला 20 मिनिटे धरली तरी आठवड्याला 60 पाने म्हणजे 20 तास. तेवढ्या तासांचा माणूस नेमलेला नसेल तर उपक्रम सुरूच करू नये. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी कोतवाल बुके (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या) धुंडाळली जात आहेत. तिथे कुणबीसाठी लिहिलेल्या ‘कु’ या एका अक्षराच्या वाचनावर एखाद्या घराचा दाखला अवलंबून असतो. त्यामुळे संपादकाने बंद करेपर्यंत प्रत्येक पानावर, डाउनलोड केलेल्या प्रतीवरसुद्धा, ‘अप्रमाणित वाचन’ असे आडवे छापलेले असावे.

बोरू_आणि_शाई
ही अट मला मंजूर. फक्त हा शिक्का लिप्यंतरावर असावा, मूळ कागदाच्या चित्रावर नको. त्याखाली अक्षरे झाकली जातील.