मदत हवी आहे: एक गोष्ट राहिली तर जुनं कन्फेशन धरलं जातं का?

फुलपुडी: ईस्टर तोंडावर आलंय, उत्तर लवकर हवंय. मी कॅथलिक आहे. नववीत कन्फर्मेशनच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा विधी) आधी कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला गेले होते, त्यात एक गोष्ट सांगायची राहिली. नंतर कितीतरी वेळा कन्फेशन झालं, दर रविवारी चर्चमध्ये कम्युनियन (पवित्र भाकर) घेते, पण आता रात्र रात्र झोप नाही की ते सगळं फुकट गेलं का. पहिल्यापासून परत सांगायचं का?

केळवण: राहिली म्हणजे विसरलीस की मुद्दाम सांगितली नाहीस? विसरली असशील तर तेही तेव्हाच माफ झालं, पुढच्या वेळी आठवणीने सांगायचं, बास.

जुना नाखवा: मागचं उकरू नकोस बाळा. मी पंधरा वर्षं अशाच शंकांत काढलीत. येशूसंघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियस लोयोलांनी १५२२ साली स्पेनमधल्या मोंसेरातच्या मठात तीन दिवस लिहून काढून कन्फेशन केलं, तरी पुढे जवळच्या मानरेसा गावात तीच शंका, काही राहिलं का. फादर म्हणाले अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग, तर त्यांना सगळंच स्पष्ट वाटायचं. मागचं काढायचं नाही असं ठरवलं तेव्हा सुटले. मला तर डॉक्टरची गोळीही लागली, ओसीडीचा (तोच विचार पुन्हा पुन्हा छळायचा मानसिक आजार) प्रकार असतो हा.

केळवण: नाखवा, तिने अजून उत्तरच दिलं नाहीये. तुमचं औषध सगळ्यांना कसं चालेल?

सहजवाचक: मी हिंदू आहे, राग मानू नका, पण देवाला थेट का नाही सांगत?

जुना नाखवा: बायबलमध्ये योहान २०:२३ वाचा, येशूने शिष्यांनाच पापं माफ करायचा अधिकार दिला.

पाऊसपाणी: मराठीतून कन्फेशन ऐकणारे फादर पुण्यात कुठे मिळतील? मला इंग्रजीत मन मोकळं करता येत नाही.

फुलपुडी: केळवण, मुद्दाम सांगितली नाही. जाळीपलीकडून फादरनी विचारलं "अजून काही?" आणि मागे रांगेत आई उभी, म्हणून मी नाही म्हटलं. आजी दादरला फुलं विकायची, तिच्या बिस्किटाच्या डब्यातले ४०० रुपये मी घेतले होते. आळ कामाच्या मावशींवर आला, त्यांना काढलं. आजी गेली आता.

केळवण: अगं हे आधी सांगायचंस ना. मोठं पाप जाणूनबुजून लपवलं तर ते कन्फेशन होत नाही, तिथपासूनची मोठी पापं परत सांगावी लागतात. पण घाबरू नकोस, फादरना एवढंच म्हण की नववीपासून एक गोष्ट लपवलीय, पुढचं ते विचारतील. किती वेळा केलं तो आकडा अंदाजे चालतो. आणि मावशींचं गेलेलं नाव? ते भरून द्यायला हवं. कुठे असतात त्या?

जुना नाखवा: नववीतल्या पोरीला कितपत कळत होतं ते फादर ठरवतील, तुम्ही निकाल देऊ नका. पण मावशींचं बरोबर आहे, ते मला सुचलं नाही.

फुलपुडी: वाडा गावाला गेल्या एवढंच माहितीये. आमचे फादर आईला चांगले ओळखतात, घरी कळणार नाही ना?

जुना नाखवा: कन्फेशनमधलं कधीच नाही. जाणूनबुजून फोडलं तर फादर स्वतः चर्चमधून बहिष्कृत होतात. तरी धीर होत नसेल तर दुसऱ्या चर्चमध्ये जा, चालतं.

फुलपुडी: मग आधी मावशींना शोधू की कन्फेशनला जाऊ?

केळवण: कन्फेशनला. मावशींना काय आणि कसं सांगायचं तेही तिथेच विचार, आणि इथे कळव.