थर्ड-पार्टी कुकीज ब्राउझरने स्वतःहून बंद कराव्यात का?

गिरगावकर:
थर्ड-पार्टी कुकीज म्हणजे आपण उघडलेल्या साइटऐवजी दुसऱ्याच पत्त्याने (डोमेनने) ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, ज्यांवरून साइटोसाइटी आपला माग काढता येतो. सफारीने मार्च २०२० मध्येच या कुकीज सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या ठेवायला सुरुवात केली. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये 'दोन वर्षांत काढतो' म्हणून सांगितलं, मग तारखा पुढे ढकलल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये विषयच गुंडाळला. माझ्या मते त्या मुळातच बंद हव्यात. दादर स्टेशनात धावतपळत फोनवर तिकीट काढणारा माणूस सेटिंग उघडून बघत नाही. कंपनी जे ठरवून देते, तेच तो आयुष्यभर वापरतो.

सीप्झवाला:
बोलायला सोपं आहे. आमच्या ग्राहकांच्या साइटवर पेमेंटचा भाग दुसऱ्या डोमेनवरून, आयफ्रेममध्ये (पानातच बसवलेल्या दुसऱ्या पानाच्या चौकटीत) येतो. कुकी अडली की सेशन (चालू व्यवहाराची ओळख) तुटतं, आणि शिव्या ब्राउझरला नाही, आम्हाला बसतात. शिवाय पाळत थांबते कुठे? स्क्रीन, फाँट, टाइमझोन यांवरून फिंगरप्रिंटिंग, म्हणजे कुकीशिवाय फोन-संगणक ओळखणं, होतंच. कुकी निदान पुसता तरी येते.

गिरगावकर:
फिंगरप्रिंटिंगचं खरं आहे, पण ते कुकीज चालू ठेवायचं कारण होत नाही. आयफ्रेमसाठी कुकीला 'पार्टिशन्ड' ही खूण लावा, प्रत्येक साइटपुरती वेगळी साठवली जाते. क्रोमने २०२० मध्ये 'सेमसाइट' (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत कुकी पाठवायची का, हे ठरवणारी खूण) मुळात 'लॅक्स' केलं, म्हणजे अशा बहुतेक विनंत्यांसोबत कुकी जाणं बंद केलं, तेव्हाही ओरड झाली होती. कोविडमुळे एप्रिलमध्ये थांबवलं, जुलैत पुन्हा सुरू केलं. सीएसआरएफचे (तुमच्या लॉगिनचा फायदा घेऊन दुसऱ्या साइटने परस्पर विनंती पाठवण्याचे) कितीतरी हल्ले त्यामुळे आपोआप बोथट झाले. आज कोण तक्रार करतंय?

सीप्झवाला:
पार्टिशन्ड करून पाहिलंय. बँकेचं ओटीपीचं पान पूर्ण खिडकीत उघडतं, तिथून गेटवेच्या (पेमेंट हाताळणाऱ्या सेवेच्या) डोमेनवर परत आलं की आयफ्रेममधली कुकी दिसत नाही. मग सगळी अवस्था सर्व्हरवर ठेवायची, म्हणजे जुना कोड उपसायचा. दोन माणसांच्या टीमला ते कधी जमणार?

पार्लेकर:
तुमचं भांडण चालू दे, पण माझ्या शेजारच्या काकांचे पैसे कुकीने गेले नाहीत. 'आज रात्री वीज तोडणार' असा मेसेज, खाली लिंक, आणि पानावर एचटीटीपीएस (सांकेतिक जोडणी) व्यवस्थित! सर्टिफिकेट कुणालाही फुकट मिळतं. ते जोडणी सुरक्षित असल्याचं सांगतं, समोरचा प्रामाणिक असल्याचं नाही. म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलूप काढलं. डेव्हलपर मंडळी, आधी पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा संगणकात ठेवलेली डिजिटल किल्ली) आणा. ती डोमेनला बांधलेली असते, नकली साइटवर चालतच नाही.

सीप्झवाला:
पासकीला माझा पूर्ण पाठिंबा. कुकीजबाबत मात्र ठाम आहे: पक्की तारीख द्या आणि ती पाळा. इतकी वर्षं 'येणार, येणार' ऐकल्यावर कोणता मालक या कामाला पैसे देईल?

गिरगावकर:
सफारीवाले तुमच्या त्याच साइटवर २०२० पासून पैसे भरतायत ना? मग त्यांच्यासाठी केलेला कोड बाकीच्यांना का नाही देत?