'प्लँटेशन हाउस'ला मराठीत काय म्हणाल?

पोफळी: मॉरिशसमधल्या मोका इथल्या 'युरेका' या घरावरचा लेख मराठीत आणतेय. १८३० च्या सुमारचा लाकडी बंगला, १०९ दारं, आगीच्या धास्तीनं स्वयंपाकघर बाहेर. १८५६ साली तो लिलावात ल क्लेझियो घराण्याकडे गेला. अडलंय 'प्लँटेशन हाउस'पाशी, म्हणजे उसाच्या मोठ्या इस्टेटीवरच्या मालकाच्या घरापाशी. 'मळ्यातलं घर' लिहिलं की डोळ्यासमोर मोट नि वांगी येतात.

तिखटमीठ: वाडा म्हणा की!

पोफळी: ना चौक, ना दिंडीदरवाजा, वाडा कसला?

दर्यावर्दी: आमच्या कोकणात नारळी-पोफळीची 'वाडी' असते, 'आगर'ही म्हणतात. आगरातलं घर म्हणा.

शब्दवेडा: आगर घरची चार माणसं शिंपतात हो. तिथे शेकडो मजूर राबत. १८३५ साली गुलामगिरी उठली. त्याआधीच, १८३४ मध्ये, 'अ‍ॅटलास' जहाजातून ३६ गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले हिंदुस्थानी मजूर, उतरले होते. पुढे मुंबई बंदरातून आपले कोकणातलेही गेले. तिथल्या भोजपुरीत उसाच्या इस्टेटीला 'कोठी' म्हणतात. तोच शब्द घ्या.

खडूस: कोठी हिंदी! मराठीत कोठी म्हणजे धान्य ठेवायची खोली. 'क्षेत्रपतिनिवास' करा.

तिखटमीठ: 😂 क्षेत्रपती म्हणजे ग्रामदैवत वाटेल. आणि तुमचा 'बंगला' बंगालचा, 'हवेली' अरबीतून आलेली, ती चालते?

खडूस: हवेली पुण्याचा तालुका आहे, रुळलाय शब्द.

शब्दवेडा: मग कोठीही रुळेल. शिवाय तो शब्द राबणाऱ्यांच्या तोंडचा. मालकाचं ते 'युरेका', यांची नुसती कोठी, आणि यांच्या खोपटांची वस्ती म्हणजे 'कॅम्प'.

पोफळी: पटतंय, पण कोठी इस्टेटीची ना? मला घराला शब्द हवाय.

दर्यावर्दी: कोठीवरून आठवलं. आजोळी कोठीच्या खोलीत भरदुपारी कंदील न्यावा लागे. गुळाच्या ढेपेला मुंग्या, कोपऱ्यात कणगी. आजी तिलाही कोठीच म्हणायची.

खडूस: चूक. कणगी विणलेली, वर शेण-मातीचा लेप. कोठी वेगळी.

तिखटमीठ: आमच्याकडे पत्र्याच्या पिंपालाही कोठी म्हणतात.

पोफळी: मंडळी, लेख उद्या द्यायचाय.

खडूस: पत्र्याची ती कोठी नव्हे, टाकी.