हिप्स्टर मंडळींविषयीचे तुमचे मत कसे बदलत गेले? (अनुभव धागा)

न्यूयॉर्कमधील विल्यम्सबर्ग, लंडनमधील शोरडिच, ऑरेगनमधील पोर्टलंड अशा ठिकाणी २००० नंतर हिप्स्टर म्हणवली जाणारी, म्हणजे दाढी, जाड फ्रेमचे चष्मे, जुन्या रेकॉर्ड अशा चारचौघांपेक्षा वेगळ्या आवडी मिरवणारी तरुण मंडळी वाढत गेली आणि त्यांच्याविषयीचा रागही वाढत गेला. पब्लिक पॉलिसी पोलिंग या संस्थेने २०१३ मध्ये अमेरिकी मतदारांना विचारले, तेव्हा त्यांच्याविषयी चांगले मत असणारे १६ टक्के आणि वाईट मत असणारे ४२ टक्के निघाले. आज तीच दाढी, तेच जाड फ्रेमचे चष्मे कोणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत. तो राग नेमका कशाचा होता, हे त्या वस्त्या जवळून पाहिलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

न्यूयॉर्कहून: विल्यम्सबर्गमध्ये आमच्याच इमारतीत तळमजल्यावर प्वेर्तो रिकोच्या एक आजी राहत आणि त्यांच्या डोक्यावर बँडवाली मुले. रात्री ड्रम सुरू झाले की आजी झाडूच्या दांड्याने छत ठोकत. २००५ मध्ये शहराने नदीकाठची कारखान्यांची जमीन निवासी बांधकामाला खुली केली आणि काही वर्षांतच तिथे काचेचे मनोरे उभे राहिले. भाडेकरार संपला, तेव्हा घरमालकाने आजींना, त्या मुलांना आणि आम्हाला, कोणालाच झेपणार नाही असे नवे भाडे सांगितले. भाडेकरूंच्या बैठकीत आजींचे अर्ज त्याच ड्रमवाल्या मुलाने शेजारी बसून भरून दिले. आजी स्पॅनिशमध्ये सांगत होत्या, त्यांची नात इंग्रजी करत होती आणि तो लिहीत होता. त्यानंतर आजींचा सगळा रोख घरमालकावर राहिला. ही मुले रस्त्यावर दिसत होती, जमिनीचे व्यवहार दिसत नव्हते, म्हणून वस्तीचा राग आधी मुलांच्या वाट्याला आला, असे मला वाटते. अर्थात त्यांच्या येण्यामुळेच बिल्डरांचे लक्ष तिकडे गेले, हेही नाकारता येत नाही.

लंडनहून: शोरडिचजवळच्या ब्रिक लेन या रस्त्यावर २०१५ च्या सप्टेंबरमध्ये निदर्शकांनी सिरियल (दुधात घालून खायचे नाश्त्याचे तयार धान्य) विकणाऱ्या सिरियल किलर कॅफेवर रंग फेकला आणि काचेवर शिवी लिहिली. मी त्या काळात जवळच नोकरीला होते. वाढत्या भाड्यांविषयीचा निदर्शकांचा संताप मला पटत होता, परंतु वाटीभर सिरियल विकणाऱ्या छोट्या दुकानावर तो काढणे मुळीच पटले नाही. तेथील जुन्या बांगलादेशी दुकानदारांशी बोलताना मात्र जाणवे की त्यांना दाढीवाल्यांपेक्षा पुढच्या वर्षीच्या भाड्याची धास्ती अधिक होती.

पोर्टलंडहून: मी रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करतो. पूर्वी रेकॉर्ड आणणारा तरुण दिसला की लोक नाके मुरडत. आता शाळकरी मुली आजोबांचे यंत्र घेऊन येतात आणि सुईचा दाब किती ठेवायचा, हे वजनाचे चाक स्वतः फिरवून शिकून घेतात. २०२० मध्ये अमेरिकेत रेकॉर्डच्या विक्रीचे उत्पन्न सीडीपेक्षा जास्त झाले, आणि असे १९८६ नंतर प्रथमच घडले. ही आवड टिकवून धरण्याचे बरेचसे श्रेय मी ज्यांची टिंगल झाली त्या मंडळींना देतो.

न्यू जर्सीहून: वरील तिन्ही अनुभव वाचूनही माझा एक आक्षेप कायम आहे. माझे सासरे ट्रक चालवत. कंपन्या जाहिरातीसाठी फुकट वाटत ती जाळीची टोपी त्यांनी उन्हातान्हात, घामाचे पांढरे डाग पडेपर्यंत वापरली. तशीच टोपी पुढे तरुणांच्या पार्ट्यांमध्ये गंमत म्हणून मिरवली गेली. १९४० च्या दशकातील पहिल्या हिप्स्टरांपैकी अनेक गोऱ्या तरुणांनीही कृष्णवर्णीय जॅझ वादकांची बोली आणि पेहराव असाच उचलला होता. भाडेवाढीचा दोष या मंडळींवर नाही, हे मी मान्य करते. परंतु कष्टकऱ्यांचा वेश हौसेखातर घालणे मला तेव्हा खटकले आणि आजही खटकते.